मोटार घेताना ट्रॅक्टर आठवा

शेतकरी बंधूंनो, साखर कारखान्यांच्या चिमण्या धूर सोडू लागल्या की आपल्या जिल्ह्यात दोन ठिकाणी गर्दी वाढते. एक गुजरीत सोनारांच्या दुकानांत आणि दुसरी मोटारींच्या शोरूममध्ये. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. चार मीटरच्या आतली लांबी आणि पेट्रोल किंवा सी.एन.जी.चे १२०० सी.सी.पर्यंतचे, अथवा डिझेलचे १५०० सी.सी.पर्यंतचे इंजिन असलेल्या गाड्यांना ही सवलत आहे. दुचाकीवरून चारचाकीवर जाण्याचा विचार त्यामुळे अनेक घरांत सुरू झाला आहे. जाऊ दे की! पण जाताना डोळे उघडे ठेवून जावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

शेतीच्या पानावर मोटारीचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. खेड्यातली मोटार ही आता केवळ हौस राहिलेली नाही. रात्री-अपरात्री पेशंटला सी.पी.आर.मध्ये न्यायचे, भाजीची चार क्रेट बाजारात पोचवायची, पोराला परीक्षेला सोडायचे, लेकीला माहेरी आणायचे, ही सगळी कामे तिच्यावर येतात. शिवाय तिचा हप्ता उसाच्या बिलातूनच जातो. म्हणजे ती घरातले एक अवजारच झाली. अवजार निवडताना आपण किती चौकस असतो! ट्रॅक्टर घेताना एच.पी. किती, गिअर किती, आपल्या काळ्या रानात रोटाव्हेटर ओढील काय, ट्रॉली भरल्यावर चढ चढेल काय, असे छप्पन्न प्रश्न विचारतो. आणि मोटार घेताना मात्र दोनच. "रंग कुठला?" आणि "ॲव्हरेज किती?"

मागे एका गावी पिकाची पाहणी करायला गेलो होतो. गाव डोंगराच्या कुशीत, शेवटचे दोन किलोमीटर खडा चढ. तिथे एका काकांनी दारातली नवी कोरी गाडी दाखवली आणि म्हणाले, "साहेब, गाडी झक्कास हाय, पण घरची सगळी बसली की डोंगराला मानच टाकते." गाडी लहान इंजिनाची आणि सी.एन.जी.वरची. महिन्याचे फिरणे पाचशे किलोमीटरसुद्धा नाही. गॅसचा पंप लांब. गाडीत काहीही दोष नव्हता. निवड चुकली होती, आणि ती चूक सात वर्षांच्या हप्त्यांनी बांधलेली होती.

ही चूक टाळायची तर आधी इंजिनाची ताकद कशी मोजतात ते समजून घेऊ. पंचेचाळीस एच.पी.चा ट्रॅक्टर उसाने भरलेली ट्रॉली ओढून नेतो. सदुसष्ट एच.पी.ची छोटी मोटार ती ट्रॉली जागची हलवूही शकणार नाही. मग एच.पी. खोटा म्हणायचा काय? खोटा नाही, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. एच.पी. म्हणजे ओढ आणि इंजिनाच्या फेऱ्या यांचा गुणाकार. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेऱ्या घेत सावकाश, पण दांडगी ओढ देते. छोट्या पेट्रोल मोटारीचे इंजिन आपला पूर्ण एच.पी. साडेपाच-सहा हजार फेऱ्यांवर दाखवते. बाकीचे काम ट्रॅक्टरचे जड वजन, मोठी चाके आणि भक्कम गिअर करतात. या ओढीलाच कंपन्यांच्या माहितीपत्रकात टॉर्क म्हणतात आणि ती न्यूटन मीटरमध्ये मोजतात.

तेव्हा माहितीपत्रक हातात आले की टॉर्कचा आकडा बघा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो किती फेऱ्यांना मिळतो ते बघा. मारुती अल्टो के-१० चे ९९८ सी.सी.चे, तीन सिलिंडरचे इंजिन साधारण ६७ एच.पी. आणि ३५०० फेऱ्यांना ८९ न्यूटन मीटर देते. रेनॉ क्विडचे ९९९ सी.सी.चे इंजिन ६८ एच.पी. आणि ९१ न्यूटन मीटर देते, पण ती ओढ ४२५० फेऱ्यांच्या आसपास. कागदावर क्विड दोन पावले पुढे. चढावर मात्र तिची पूर्ण ओढ हवी असेल तर इंजिन अधिक फिरवावे लागणार. टाटा टियागो आणि १.२ लिटरची वॅगनआर यांचेही तसेच. दोघींची ओढ सारखीच, ११३ न्यूटन मीटर. टियागोला ती ३३०० फेऱ्यांना मिळते, वॅगनआरला ४४०० ला. मग टियागो सरस? इथे आणखी एक गोम आहे. टियागोचे वजन वॅगनआरपेक्षा शंभर किलोच्या आसपास जास्त आहे. इंजिन आधी गाडीचे स्वतःचे वजन ओढते, मग तुमचे. म्हणून एका आकड्यावर निकाल देऊ नका. ओढ, फेऱ्या आणि वजन हे तिन्ही एकत्र बघा.

ओझ्याचाही हिशेब करा. पाच मोठी माणसे सरासरी ६५ किलोंची धरली तर ३२५ किलो झाले. मागे ५० किलोचे एक पोते टाकले की ३७५. अल्टोसारखी गाडी स्वतः साडेसातशे किलोच्या आत-बाहेर असते. म्हणजे तिने स्वतःच्या निम्मे ओझे घेऊन जोतिबाचा डोंगर चढायचा! एकट्याने ट्रायल मारून आलेला माणूस म्हणणारच की गाडी पळते मस्त. ट्रायल घ्यायची तर घरची चार माणसे बसवून घ्या, एअर कंडिशनर चालू ठेवा आणि जमेल तर चढावर घ्या. शोरूमवाला नको म्हणाला तर दुसरे शोरूम आहेच.

तीन सिलिंडर म्हणजे कमअस्सल, हा समजही सोडून द्या. आपल्या शिवारातले कितीतरी ट्रॅक्टर तीन सिलिंडरचेच आहेत. २०२४ साली आलेल्या नव्या स्विफ्टमध्ये मारुतीने चार सिलिंडरचे इंजिन काढून तीन सिलिंडरचे बसवले. एच.पी. ९० वरून ८२ वर आला, ओढ ११३ वरून ११२ वर, म्हणजे जवळजवळ तेवढीच राहिली. कंपनीने जाहीर केलेले ॲव्हरेज मात्र लिटरला २२ किलोमीटरवरून जवळपास पावणेपंचवीसवर गेले. थोडी थरथर वाढते, हे खरे. पण ती काही इंजिनाचे आयुष्य कमी करीत नाही.

आता गिअरकडे वळू. गिअर काय करतो, हे ट्रॅक्टरवाल्याला शिकवायला नको. नांगराला लो, रस्त्याला हाय. मोटारीतही तेच आहे. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या साधारण साडेतीन फेऱ्यांना गिअरपेटीची एक फेरी होते. म्हणून ओढ साडेतीन पट होते आणि वेग तेवढाच घटतो. पाचव्यात इंजिनाच्या एका फेरीपेक्षाही कमीत गिअरपेटीची एक फेरी होते. वेग मिळतो, तेल वाचते, पण ओढ राहत नाही. चढावर गाडी गुरगुरू लागेपर्यंत चौथ्यात रेटत नेणारे खूप आहेत. वेळेवर तिसरा, दुसरा टाका. इंजिन फिरले म्हणजे बिघडले असे नव्हे. दबून, धडधडत चालणे हेच त्याला जाच आहे. वर सांगितलेल्या काकांना हीच गोष्ट करून दाखवली. चढाच्या अलीकडेच दुसरा गिअर आणि गॅसवरून पेट्रोलवर. गाडी वर गेली. काका म्हणाले, "हे मला कोण बोललंच न्हाई की!"

हल्ली क्लच नसलेल्या गाड्यांची चलती आहे. छोट्या गाड्यांत जी ऑटोमॅटिक मिळते, ती बहुतेक ए.एम.टी. असते. मारुतीने २०१४ साली सेलेरिओतून ती स्वस्त गाड्यांत आणली. ही काही निराळी गिअरपेटी नाही, हे नीट ध्यानात घ्या. आत तोच गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट असते. फरक एवढाच, की पाय आणि हात यांचे काम एक यंत्र करते. त्यामुळे ती स्वस्त पडते आणि ॲव्हरेजही हाताच्या गिअरइतकेच देते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला, नव्याने शिकणाऱ्या गृहिणीला, दिवसभर पंचायत समिती, तहसील, बँक अशा फेऱ्या मारणाऱ्या ग्रामसेवक-तलाठ्यांना ती सोयीचीच.

पण तिची एक खोड आहे. चढावर वाहतूक अडली की काही जण ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर धरून ठेवतात. त्या वेळी क्लच प्लेट सारखी घासत असते, तापते आणि जळते. नवी प्लेट टाकायची म्हणजे हजारो रुपयांचा फटका. म्हणून थांबायचे तर ब्रेकवर थांबा, निघताना हँडब्रेकची मदत घ्या. चढावर गाडी मागे न सरकू देणारी हिल-होल्डची सोय त्या गाडीत आहे काय, ते घेण्याआधी विचारा. गिअर बदलताना ए.एम.टी. क्षणभर अडखळते. ओव्हरटेक करताना ते लक्षात ठेवा आणि गरज पडली तर गिअर हाताने बदलण्याची सोय वापरा. पट्टा आणि पुलीवर चालणारी सी.व्ही.टी. अडखळत नाही, अगदी गुळगुळीत चालते. पण ती थोड्या महागाच्या गाड्यांत मिळते आणि बिघडली तर गावच्या मेस्त्रीच्या हातात येत नाही. ज्याचे वर्षाचे निम्मे फिरणे घाटात आणि पाणंदीच्या चिखलात, त्याने हाताचा गिअरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता उताराची गोष्ट. ही पैशाची नाही, जिवाची आहे. आंबोली, फोंडा, करूळ, आंबा असे घाट उतरून आपण कोकणात जातो. तेल वाचवायचे म्हणून उतारावर न्यूट्रल करणारे महाभाग आजही भेटतात. बंधूंनो, इंजेक्शनच्या आजच्या इंजिनांत याने तेल वाचतच नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारे इंधन बंद होते आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतेच. म्हणजे तेल गेले, शिवाय इंजिनाचा अडवाही गेला. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. ज्या गिअरने घाट चढलो, त्याच गिअरने उतरायचा, ही जुन्या ट्रकवाल्यांची शिकवण आजही सोळा आणे खरी आहे. ए.एम.टी.वाल्यांनीही उतारावर हाताने खालचा गिअर टाकावा.

पेट्रोल घ्यावे की सी.एन.जी., हा प्रश्न हिशेबाने सोडवा. भाव बदलत राहतात, म्हणून पुढचे आकडे नमुन्यादाखल समजा आणि त्या जागी तुमच्या पंपावरचे घाला. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि प्रत्यक्षात १८ किलोमीटर धरू. गॅस ९० रुपये किलो आणि २४ किलोमीटर धरू. सी.एन.जी.च्या गाडीला सुरुवातीला ९० हजार जास्त मोजले असे समजू. वर्षाला ६,००० किलोमीटर फिरणाऱ्याला पेट्रोलचा खर्च ३५ हजार आणि गॅसचा साडेबावीस हजार. बचत साडेबारा हजारांची. म्हणजे जादा घातलेले पैसे फिटायला सात वर्षांहून अधिक काळ लागला. तेच १५,००० किलोमीटर फिरणाऱ्याची वर्षाची बचत ३१ हजारांवर जाते आणि पैसे तीन वर्षांच्या आत फिटतात. तेव्हा रोज कोल्हापूर किंवा इचलकरंजीला ये-जा करणाऱ्याला गॅस फायद्याचा, आठवड्याच्या बाजारापुरती गाडी काढणाऱ्याला नाही.

गॅसवर ताकदही थोडी घटते. अल्टो के-१० च पेट्रोलवर ६७ एच.पी. देते, गॅसवर ५७. ओढ ८९ वरून ८२ वर येते. सपाटीला हे कळत नाही, भरल्या गाडीने चढावर कळते. अशा वेळी बटण दाबून पेट्रोलवर घ्यावी. गॅसची टाकी डिकीची जागा खाते, म्हणजे दुधाचे कॅन आणि भाजीची क्रेट ठेवायची कुठे? २०२३ पासून टाटाने दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवायला सुरुवात केली, त्यात थोडी जागा उरते. टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते. आणि तुमच्या गावापासून गॅसचा पंप किती लांब आहे, रांग किती असते, हे गाडी घेण्याआधी स्वतः जाऊन बघा.

डिझेलचे काय? १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ चे नियम लागू झाले आणि स्वस्त छोट्या गाड्यांतले डिझेल इंजिन जवळजवळ संपले. मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, टियागोचेही डिझेल गेले. आता छोटे डिझेल मिळते ते बहुतेक जुन्या बाजारात. त्यात १२४८ सी.सी.चे फियाटचे मल्टिजेट इंजिन गाजलेले. जुन्या स्विफ्टमध्ये ते ७५ एच.पी. आणि अवघ्या २००० फेऱ्यांना १९० न्यूटन मीटर ओढ देत असे. वरच्या पेट्रोल गाड्यांच्या आकड्यांशी ताडून बघा, म्हणजे डिझेलची गाडी घाटात का हसत चढते ते कळेल. पण जुने डिझेल घ्यायचे तर टर्बो, इंजेक्टर आणि क्लच जाणत्या मेस्त्रीकडून तपासून घ्या. यातला एखादा बिघडला तर दोन वर्षांची तेलाची बचत एका फटक्यात जाते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. तेव्हा आर.सी.वरची तारीखही बघा.

आणखी एक गोष्ट आपल्या उसाशीच निगडित आहे. आपल्या कारखान्यांत तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमधून आपल्याच टाकीत येते. २०२५ पासून देशभर २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे उतरणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ही घट ६ ते ७ टक्के, तर १० टक्के मिश्रणासाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांसाठी १ ते २ टक्के धरली आहे. साधारणपणे एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या या मिश्रणाला सरावलेल्या आहेत. त्याआधीची जुनी पेट्रोल गाडी घेत असाल तर इंधनाच्या रबरी नळ्या आणि वायसर तपासून घ्या. उसाला भाव मिळावा म्हणून इथेनॉल हवे आणि गाडीत मात्र नको, असे आपल्याला म्हणता येणार नाही. त्याची बेगमी मात्र करता येईल.

शेवटी हप्त्याचे. पाच लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज आणि सात वर्षे मुदत धरली तर हप्ता महिन्याला आठ हजारांच्या घरात जातो, म्हणजे वर्षाला ९६ हजार. एकरी ४० टन ऊस आणि टनाला ३,३०० रुपये धरले तर हातात येतात १ लाख ३२ हजार. त्यातून मशागत, लागण, खत आणि पाणीपट्टी वजा करा. एका एकराचा ऊस गाडीचा वर्षाचा हप्ताही फेडत नाही! शिवाय उसाचे बिल हंगामात येते आणि हप्ता दर महिन्याला. मधल्या महिन्यांत हप्ता भरायला सोसायटीचे पीककर्ज वापरले की खताला पैसे उरत नाहीत आणि पुढच्या वर्षी टनेज घटते. म्हणून इंजिन गरजेपुरते घ्या, गिअर कामापुरता घ्या. दीड लाख जादा घालून वरचे मॉडेल घेण्यापेक्षा ते पैसे ठिबकला घातले तर ते दरवर्षी परत येतील.

छोट्या, परवडणाऱ्या मोटारीचा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४० च्या दशकातच 'मीरा' नावाच्या छोट्या मोटारीचा ध्यास घेतला आणि पुढे अनेक वर्षे तिचे सुधारित नमुने बनवले. इंजिन मागे, आकार आटोपशीर, किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यातली. ती कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही. १९८३ च्या डिसेंबरात ७९६ सी.सी.ची मारुती ८०० आली आणि छोटी गाडी घरोघरी पोचली. पण साध्या माणसाची गरज काय, हे आधी बघायचे आणि मग इंजिन ठरवायचे, ही मीरामागची दृष्टी आपल्याच मातीतली आहे. गाडी बनवणाऱ्याने जी वाट धरली, ती गाडी घेणाऱ्यानेही धरावी.

तेव्हा शोरूमची पायरी चढण्याआधी घरी बसून एका कागदावर चार ओळी लिहा. वर्षाला किती किलोमीटर फिरणार, त्यात चढ-घाट किती, एका वेळी माणसे आणि माल किती, आणि हप्ता कुठल्या महिन्यात कुठून भरणार. या चार ओळी लिहून झाल्या की कुठले इंजिन आणि कुठला गिअर, ते तुमचे तुम्हालाच कळेल. रंग मग पोराबाळांना निवडू द्या.